मागं सरकायला जागा

आमच्या कुमासी शहरात मी चाळीस वर्षं पाट्या रंगवल्या. एका सिनेमागृहाची भिंत तर इतकी लांब होती, की नट या टोकाला आणि नटी त्या टोकाला. दोघांची नजरानजर होतेय की नाही हे बघायला मला ट्रोट्रोत, म्हणजे आमच्या शेअर मिनीबसमध्ये, बसून जावं लागे. जाताना भाडं एक आणि येताना दुसरं, कारण मधल्या वेळात पेट्रोल महाग झालेलं असे. ज्यांना हे पटत नाही त्यांनी ती भिंत जाऊन बघावी. ती आता पाडलीय, हा काही माझा दोष नाही.

मुद्दा असा, की पाटी रंगवणाऱ्याची कला हातात कमी आणि पायांत जास्त असते. चार फटकारे मारायचे आणि मागं सरकायचं. डोळे बारीक करायचे, मान वाकडी करायची, पुन्हा पुढं जायचं. जवळून जे झकास नाक वाटतं ते दहा पावलांवरून सुरणाचा कंद दिसतं. मी असाच एकदा मागं सरकत सरकत सगळा रस्ता ओलांडला आणि पलीकडे हाजिया मेमुनाच्या चवळीभाताच्या पातेल्यात जाऊन बसलो. पातेलं नुकतंच चुलीवरून उतरवलेलं होतं. त्या दिवशी तिचा भात नेहमीपेक्षा लवकर संपला असं मी सांगतो. ती वेगळं सांगते.

आता हा धंदा माझ्या बहिणीची मुलगी दुफी चालवते. आमच्यात भाच्यांचा हक्क मामावर असतो, त्यामुळे माझं दुकान आणि माझी गिऱ्हाइकं तिनं मी जिवंत असतानाच ताब्यात घेतली. ब्रश गेले, कॉम्प्युटर आला. दुकानाचं 'धीर धरा आर्ट्स' हे नाव तेवढं तिनं राहू दिलं. शिडी मात्र विकली. शिडी विकली तेव्हा मी दोन दिवस जेवलो नाही. म्हणजे घरी जेवलो नाही.

पण पोरगी हुशार. तिची अडचण एकच होती, तिचा पडदा. जुना मॉनिटर पावाच्या लादीएवढा. मोठं काम आलं की त्याचा एक तुकडा डोळ्यांसमोर आणि बाकीचं अंधारात. डावीकडे ढकला, उजवीकडे ढकला, आणि मघाशी काय होतं ते आठवत बसा. तिनं एका ड्रायव्हिंग स्कूलची लांबलचक पाटी अशीच तुकड्यातुकड्यांनी केली. छापून आली तेव्हा कळलं, की बसगाडीला दोन्ही टोकांना दिवे आणि दोन्ही टोकांना स्टेअरिंग. स्कूलचा मालक दोन्ही टोकं बघून म्हणाला, "राहू द्या. आमची पोरं अशीच चालवतात."

सगळी गिऱ्हाइकं इतकी दिलदार नसतात. म्हणून दुफीनं वर्षभर पैसे साठवून एक नवा मॉनिटर मागवला. रुंद, म्हणजे किती रुंद, तर तिनं दोन्ही हात पसरून दाखवलं आणि तिचा हात लागून भिंतीवरचं कॅलेंडर पडलं.

"तेवढ्या रुंद पडद्यावर काय बघणार तू?" मी विचारलं.

"सगळं."

"सगळं बघायला मी मागं सरकायचो. फुकटात."

"फुकटात कुठं, मामा? हाजियाचं पातेलं कुणी भरून दिलं?"

मी विषय बदलला.

मॉनिटर बंदरावर अडकून पडला होता, आणि नेमका तेव्हाच एका सोमवारी नाना ब्रेम्पोंग दुकानात आले. हे एका मोठ्या गोताचे प्रमुख. तीनशे घरांचं गोत. त्यात दर आठवड्याला कुणी ना कुणी जन्मतं, लग्न करतं किंवा जातं, आणि प्रत्येक वेळी फ्लेक्स लागतो. नाना खुर्चीवर बसले, काठी गुडघ्यांत धरली आणि म्हणाले, "माझी थोरली बहीण पोकुआ गेली. शंभरीला तीन कमी होती. शनिवारी तिच्या निरोपाचं कार्य आहे. तिच्या सत्त्याण्णव वर्षांना शोभेल असा फ्लेक्स हवा."

"किती फुटांचा, नाना?" दुफीनं विचारलं.

"वीस."

दुफीनं आपल्या जुन्या पडद्याकडे बघितलं. आजवर तिनं न्हाव्यांच्या दरांच्या पाट्या केल्या होत्या, एक बकऱ्यांच्या डॉक्टरचा बोर्ड केला होता. कार्याचा मोठा फ्लेक्स पोरीच्या हाती कुणी दिला नव्हता.

नानांनी सगळं ठरवूनच आणलं होतं. मधोमध पोकुआ म्हातारी पांढऱ्या वस्त्रात, आसनावर. एका बाजूला गोतातले अकरा जण, दुसऱ्या बाजूला तिच्या नवऱ्याकडचे अकरा. प्रत्येकानं उजवा हात वर करून तिला निरोप द्यायचा. फोटो काढून तयार होते. गोतातल्यांचे गावच्या घराच्या ओट्यावर काढलेले, नवऱ्याकडच्यांचे शहरातल्या एका स्टुडिओत.

"आणि मी तिच्या शेजारी," नाना म्हणाले. "अगदी खेटून. माझ्या आणि तिच्यामध्ये तो येबोआ येता कामा नये." येबोआ म्हणजे म्हातारीचा धाकटा दीर. त्याचं आणि नानांचं एका आंब्याच्या झाडावरून पन्नास वर्षं वाजलेलं होतं. झाड पडून तीस वर्षं झाली होती.

उठताना नाना काठी टेकून थांबले. "गुरुवारी दुपारी बाराला येऊन बघेन. पसंत पडलं तर छापा. नाही पडलं तर रस्त्यापलीकडच्या दुकानात जाईन, आणि आमचं गोत पुन्हा तुमच्या पायरीवर दिसणार नाही. पोरीच्या हाती देऊ नका, असं मला चार जणांनी सांगितलंय. मी म्हटलं, पेंटर बाफोची भाची आहे, बघू. तेव्हा माझीही अब्रू आहे यात."

दुफीनं सोमवार आणि मंगळवार त्या पावाच्या लादीवर काढले. आधी डावीकडचे अकरा लावले, मग उजवीकडचे अकरा. प्रत्येकाच्या कपड्याच्या घड्या नीट केल्या, एका आत्याचा दात भरून काढला, नानांच्या मागं आलेली कोंबडी पुसली. तुकडा तुकडा बघितला तर काम देखणं होतं.

बुधवारी सकाळी मॉनिटर आला. चार जणांनी उचलून आत आणला, असं मी सगळ्यांना सांगतो. दुफी म्हणते तिनं एकटीनंच आणला. टेबलावर ठेवला तर टेबल कमी पडलं. दोन्ही टोकं टेबलाबाहेर, आणि मधून जरासा वाकलेला, जणू आपल्याला कवेत घेतोय. शेजारच्या सलूनमधली बाई डोकावून म्हणाली, "टीव्हीवरून ट्रोट्रो गेली का गं?"

बातमी पसरायला वेळ लागला नाही. लग्नांच्या फिल्मा जोडणारा क्वेकू दहा मिनिटांत आपली डिस्क घेऊन हजर. त्याच्याकडे अख्ख्या लग्नाची पट्टी लहान पडद्यावर कधीच पुरी दिसत नसे. इथं सकाळच्या प्रार्थनेपासून रात्रीच्या नाचापर्यंत सगळं एका ओळीत उलगडलं, तसा तो खाली बसला. त्याच्या फिल्ममध्ये पाहुण्यांनी केक आधी खाल्ला होता आणि नवरानवरीनं तो मागाहून कापला होता. "तीन जोडप्यांना असंच दिलंय मी," तो हळूच म्हणाला आणि डिस्क काढून पळाला.

मग दुफीनं आपला फ्लेक्स उघडला. वीस फुटांचा, एका नजरेत, या टोकापासून त्या टोकापर्यंत. बाजूला फोटोंची यादी, अक्षरांचे नमुने, सगळं मांडून ठेवायला तरी जागा उरलेली. मी खुर्चीतच बसलो होतो. एक पाऊलही मागं सरकलो नाही, आणि तरीही मला ते दिसलं.

"दुफी," मी म्हटलं, "ह्या लोकांचं म्हातारीशी भांडण होतं का गं?"

"का?"

"सगळे तिच्याकडं पाठ करून बसलेत."

ती मागं टेकली. ओट्यावरचा उजेड एका बाजूनं येत असणार आणि स्टुडिओतला दुसऱ्या, कारण डावीकडचे अकरा जण डावीकडे बघत होते आणि उजवीकडचे अकरा उजवीकडे. मध्ये बिचारी पोकुआ एकटी, आणि दोन्हीकडचं गणगोत तोंड फिरवून निरोपाचा हात रस्त्याला दाखवतंय. तुकड्यात बघताना यातलं काही कळणं शक्यच नव्हतं. तुकड्यात प्रत्येकजण सज्जन दिसत होता.

दुफीचा चेहरा पडला, पण पाच मिनिटंच. मग तिनं बावीसच्या बावीस जण एकदम निवडले आणि आरशात पालटतात तसे प्रत्येकाला जागच्या जागी पालटून टाकलं. एक टिचकी, आणि सगळं गोत वळून म्हातारीकडे बघू लागलं. मी आयुष्यात इतकी माणसं इतक्या लवकर शहाणी झालेली बघितली नव्हती. आम्ही दोघांनी तळलेली केळी मागवली आणि फक्त डोळ्यांकडे बघत बसलो. सगळे डोळे बरोबर होते.

गुरुवारी नाना अकरा वाजताच आले. बोलावल्या वेळेच्या आधी येणारा माणूस चुका शोधायला आलेला असतो. त्यांनी चष्मा लावला आणि पडद्यासमोर उभे राहिले.

"अरे वा," ते म्हणाले. "सगळे आहेत की." बहिणीकडे बघून त्यांचे डोळे ओलावले. "आसनावर कशी बसलीय बघ. मला लहानपणी अशीच बसून कान पिरगाळायची." दुफीनं माझ्याकडे बघितलं. मी भुवया उडवल्या.

मग नाना थोडे पुढं झुकले. त्यांनी आपल्या अंगावरचं वस्त्र बघितलं, पडद्यावरचं बघितलं. आपला उजवा हात वर केला, पडद्यावरच्या नानांकडे बघितलं, आणि हात खाली घेतला.

"पोरी," ते म्हणाले, "हा मी बहिणीला डाव्या हातानं निरोप देतोय?"

आमच्याकडे डाव्या हातानं कुणी कुणाला काही देत नाही, घेत नाही, रस्ता विचारला तर दाखवतही नाही. लहान मुलानं हे केलं तर हातावर चापट बसते. आणि इथं गोतातले अकरा आणि सासरचे अकरा, दोन्ही कुळांची अख्खी अब्रू डावा हात उंचावून उभी. पुरुषांची वस्त्रंसुद्धा उजव्या खांद्यावर गेलेली, डावा खांदा उघडा. जन्मात कुणी तसं नेसलेलं नाही.

"ती उठून बसेल," नाना म्हणाले. "शनिवारी सगळ्यांसमोर उठून बसेल आणि माझा कान धरेल."

"नाना, मी परत पालटते," दुफी म्हणाली.

"पालट."

तिनं पालटलं. हात उजवे झाले, वस्त्रं डाव्या खांद्यांवर आली, आणि बावीस जणांनी म्हातारीकडे पाठ फिरवली.

नानांनी तेही बघितलं. चष्मा काढून मिटला. "डाव्या हातानं निरोप द्यायचा, नाहीतर पाठ दाखवायची. तुमच्या दुकानात एवढे दोनच प्रकार मिळतात का?" त्यांनी काठी उचलली. "चार जण बरोबर बोलत होते."

"नाना, बाराला अजून वेळ आहे," मी म्हटलं. "एक शहाळं घ्या. ते संपेपर्यंत तरी बसा."

"माझं शहाळं लवकर संपतं, पेंटर."

मी नाक्यावर जाऊन सगळ्यात मोठं शहाळं आणलं, आणि नळी मुद्दाम बारीक मागितली. ते पिऊ लागले, तसं मी त्यांना त्या सिनेमागृहाच्या भिंतीची गोष्ट सुरू केली. भिंत त्या दिवशी आणखी दोन मैलांनी वाढली. नाना ऐकत नव्हते, पण काठी त्यांनी पुन्हा गुडघ्यांत धरली होती.

दुफी पडद्यासमोर हात मांडीवर ठेवून बसलेली. माउसला हातही लावत नव्हती. मला वाटलं पोरीनं हात टेकले. पण तिचे डोळे या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरत होते, पुन्हा परत, पुन्हा इकडे, जसा मी रस्त्याच्या मध्यावर उभा राहून फिरवायचो. ती मागं सरकली होती. खुर्ची जागच्या जागीच होती, एवढंच.

"मामा," ती म्हणाली, "ह्यांना वळवायचंच कशाला?"

"मग?"

"डावीकडचे डावीकडं बघतायत. त्यांना उचलून उजवीकडंच नेऊन बसवलं तर?"

तिनं डावीकडच्या अकरा जणांभोवती चौकट ओढली, नानांसकट सगळ्यांना एकगठ्ठा पकडलं, आणि म्हातारीच्या डोक्यावरून अलगद पलीकडे नेलं. जुन्या पडद्यावर हे जमलं नसतं. तिथं माणसं अर्ध्या वाटेत दिसेनाशी झाली असती, आणि कुणी कुठं उतरलं ते शोधायला दुपार गेली असती. इथं अख्खं गोत आमच्या डोळ्यांदेखत पोकुआवरून उडत गेलं. मग तिनं सासरच्या अकरांना इकडे आणलं. हात उजवेच, वस्त्रं डाव्या खांद्यावर, आणि दोन्हीकडची माणसं आत, म्हातारीकडे बघतायत.

नानांची नळी तोंडातच राहिली. ते उठून जवळ आले. प्रत्येक हात मोजल्यासारखा बघितला.

"मी कुठाय?" नाना म्हणाले.

गठ्ठा जसाच्या तसा उचलला होता. आधी नाना म्हातारीला खेटून होते. आता गोत उजवीकडे गेल्यावर ते पार उजव्या टोकाला गेले होते. त्यांच्या आणि बहिणीच्या मध्ये दहा माणसं.

"मी कडेला?" नाना म्हणाले. "कडेला तंबूवाला उभा राहतो."

दुफीनं माउसकडे हात नेला, त्यांना उचलून मध्ये आणायला. मी तिचा हात धरला. चाळीस वर्षं मी खोटं बोलून पोट भरलं आहे, पण एखाद्या वेळी खरं बोलणंच कामाला येतं.

"नाना," मी म्हटलं, "शनिवारी मंडपात पाहुणा आला की ओळीनं सगळ्यांशी हात मिळवतो. सुरुवात कुठून करतो?"

"उजवीकडून. हे काय विचारणं झालं? डावीकडून सुरुवात करणाऱ्याला घरी धाडतील."

"मग आता तुम्ही पाहुणे. बाहेर जा आणि आत या."

ते माझ्याकडे संशयानं बघत बाहेर गेले. पायरीवर वहाणा काढल्या, खांद्यावरचं वस्त्र सारखं केलं, चेहरा शोकाला साजेसा केला आणि आत आले. सरळ पडद्याच्या उजव्या टोकाशी गेले, हात पुढं केला, आणि समोर नाना ब्रेम्पोंग.

पहिला हात त्यांचा होता. त्यांच्यानंतर बाकीचं गोत, मग आसनावरची बहीण, मग सासरची माणसं, आणि अगदी शेवटी, डाव्या टोकाला, जिथपर्यंत पोहोचेतो पाहुण्याचा हात दुखायला लागलेला असतो, तिथं येबोआ.

नानांनी त्या टोकाकडे बराच वेळ बघितलं.

"येबोआ शेवटी," ते म्हणाले.

"बदलू का, नाना?" दुफीनं विचारलं. तिचा चेहरा इतका भोळा होता की माझीच भाची शोभत होती.

"हात लावशील तर बघ." मग त्यांनी बहिणीकडे बघितलं, आणि आवाज खाली आला. "तिच्या दारात पहिला हात माझा. हे तिला आवडेल. लहानपणी दार उघडायला मलाच पाठवायची." त्यांनी शहाळं दुफीच्या हातात दिलं. "छाप."

शनिवारी कार्य झोकात झालं. पोकुआ सत्त्याण्णव वर्षं जगली होती, तेव्हा रडण्यापेक्षा नाचच जास्त. फ्लेक्स मंडपाच्या तोंडाशी लावला होता. पुढचं मी बघितलं तसं सांगतो. पहिला पाहुणा आला, त्यानं उजव्या टोकाला नानांना बघितलं आणि सवयीनं हात मिळवला. त्याच्या मागचा कशाला मागं राहतो? एका तासात रांग लागली. लोक फ्लेक्सवरच्या बावीस जणांना भेटून थेट जेवायला जात, आणि खुर्च्यांवर बसलेली खरी बावीस माणसं हात पुढं करून तशीच. संध्याकाळपर्यंत फ्लेक्सवरच्या नानांचा हात मनगटापर्यंत झिजला. हाजिया मेमुना म्हणते असं काहीच झालं नाही, एका म्हाताऱ्याला कमी दिसत होतं तेवढंच. पण ती त्या वेळी भात वाढत होती.

येबोआनंही फ्लेक्स बघितला. तो नानांना म्हणाला, "मला शेवटी ठेवलंस हे बरं केलंस. म्हणजे तिथून निघताना लोकांना माझाच चेहरा आठवेल." तेव्हापासून दोघं पुन्हा बोलत नाहीत आणि दोघंही खुशीत आहेत.

सोमवारी नाना दुकानात आले. दोन बारशी आणि एक लग्न त्यांनी टेबलावर ठेवलं, मग खुर्ची पडद्याजवळ ओढली.

"आणि एक माझाही करून ठेव," ते दुफीला म्हणाले.

"तुमचा? नाना, तुम्ही तर धडधाकट आहात."

"म्हणूनच. कोण कुठं बघतंय ते मला स्वतः तपासायचंय. तीस फुटांचा कर."

दुफीनं मॉनिटरच्या या टोकाकडे बघितलं, मग त्या टोकाकडे. "तीस?"

"पोरी, वीस फुटात माझं गोत मावेल का?"

ती मान हलवून कामाला लागली. मी तिच्या मागं खुर्ची टाकून बसतो हल्ली. ती काहीतरी मांडते, मी डोळे बारीक करतो, मान वाकडी करतो, आणि ती न वळताच विचारते, "काय, मामा?" रस्त्यापलीकडे हाजिया पातेलं उतरवते तेव्हा अजूनही आधी माझ्याकडे बघून घेते. मी खुर्चीत आहे हे दिसलं की मगच झाकण काढते.